कागदी ताटलीतला अज्जा

नीलांबिकेच्या नावावर जो सांता चिकटवला होता, तो नीलांबिकेचा नव्हता. तिच्या आईनं, शिवलीलानं, आधी नाव वाचलं, मग सांता बघितला, मग पुन्हा नाव वाचलं. नाव बरोबर होतं. जुळे सोलापुरातल्या त्या बंगल्यातल्या शाळेत दुसरी नीलांबिका असायचा प्रश्नच नव्हता. हे नाव ठेवायचं ठरलं तेव्हा शिवलीलाचा नवरा बसवेश म्हणालाच होता, की एवढं लांबलचक नाव आधार कार्डावर मावायचं नाही. पण वरचा सांता भलताच होता. गुलाबी गोरा, लाल चकचकीत टोपीचा, दुकानातून आणलेले हलते डोळे लावलेला, आणि त्याची दाढी इतकी गोल की वाटीभोवती पेन्सिल फिरवून कापलेली असावी. त्याच्या शेजारचा सांताही तसाच. त्याच्या शेजारचाही. भिंतभर सगळे एका आईच्या पोटचे भाऊ हसत होते आणि प्रत्येकाच्या खाली वेगळ्या मुलाचं नाव होतं.

पहिल्यांदा तिला वाटलं, चिठ्ठी चुकीच्या जागी लागली असेल. माणसं आहेत, होते चूक. ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. तिला शोधायचं होतं एक तपकिरी तोंड, कॉफीच्या पाण्यानं रंगवलेलं, आणि दोन चिंचोक्यांचे डोळे, त्यातला एक जरा खाली घसरलेला. तो तिथं नव्हता. हॉलमध्ये पालकांची झुंबड होती, कोपऱ्यातल्या स्पीकरवर इंग्रजी गाणं घणघणत होतं, आणि जो तो आपल्या मुलाचं नाव सापडलं की मोबाईल वर करून फोटो काढत होता. तिच्या शेजारी एक गृहस्थ म्हणाले, ‘‘वा! आमच्या साहेबांनी काय भारी केलंय!’’ साहेब त्यांच्या पायाशी बसून आपल्या टोपीचा कापूस खात होते. कुणालाच काही खटकत नव्हतं. एवढ्या आयाबापांत एकालाही आपल्या पोराचा हात ओळखता येऊ नये, की ओळखून सोडून दिलं होतं सगळ्यांनी? पर्समध्ये फोन थरथरला. बसवेशचा मेसेज होता: ‘फोटो टाक की ग्रुपवर. सगळे विचारतायत.’ तिनं फोन परत पर्समध्ये कोंबला. तिच्या कानशिलाशी एक शीर उडायला लागली होती. ही शीर तिला चांगली ठाऊक होती. टॉवेल-चादरींच्या शोरूममध्ये दिवसभर गिऱ्हाइकानं पन्नास घड्या मोडायला लावून ‘नको, नंतर बघू’ म्हटलं की तीच उडायची, आणि तेव्हा शिवलीला हसून ‘या हं परत’ म्हणायची. आता हसण्याची गरज नव्हती.

रविवारी संध्याकाळी नीलूनं तो सांता केला, तेव्हा शिवलीला स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. शाळेचा मेसेजच तसा होता. ‘प्रिय पालक, नाताळनिमित्त मुलांकडून घरातल्या साध्या वस्तूंपासून सांता करून घ्यावा. कागदी ताटली, कापूस, बटणे, जुने कापड असे काहीही चालेल. मुलांना स्वतःच्या हाताने करू द्यावे. कृपया पालकांनी मदत करू नये.’ पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. शिवलीला लहानपणापासून मास्तरांनी सांगितलं ते अक्षरशः करणारी, म्हणून तिनं अक्षरशः केलं. ताटल्या घरात होत्याच. माहेरी वळसंगला तिच्या वडलांच्या शिवगणाराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, जेवणाला पोरांच्या बुंदीसाठी आणलेल्या उरल्या होत्या, त्या तिची आई शांतम्मा इकडं राहायला आली तेव्हा पिशवीत घालून घेऊन आली होती. शांतम्मा काहीच टाकून येणाऱ्यांतली नव्हती. टोपीला लाल टॉवेलाचा तुकडा शोरूममधून आणलेला. गोंद संपला होता, तर शांतम्मानं मैद्याची खळ शिजवून दिली, आणि दाढीसाठी आपल्या वातींच्या डब्यातला कापूस मोठ्या मनानं पुढं केला. नीलूनं चार बोटं खळीत बुडवली, कापूस फरशीला, फ्रॉकला आणि थोडासा ताटलीलाही लागला. टोपी डोक्यावर बसायच्या ऐवजी कानावर बसली. ती सरळ करायला शिवलीलाचा हात आपोआप पुढं गेला, तेव्हा शांतम्मा म्हणाली, ‘‘करू दे की तिला. तुला कशाला पायजे मदी मदी? वाकडं तर वाकडं.’’

मग रंगाची वेळ आली. खडूंच्या पेटीत तोंडाचा म्हणून जो गुलाबी खडू होता तो नीलूनं घेतला, बघितला आणि ठेवून दिला. ‘‘हा नाही.’’ मग कुठला? ती स्वयंपाकघरात गेली आणि कॉफीची बाटली घेऊन आली. पाण्यात कालवून ताटलीला फासलं, वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि लांबून बघून म्हणाली, ‘‘अज्जा.’’

शिवलीलाचे वडील मल्लप्पा, नीलूचे अज्जा, श्रावणात गेले होते. लिंगैक्य झाले, असं घरात म्हणायचे. नीलूसमोर तर तेवढंच म्हणायचे. वळसंगच्या घरापुढं त्यांना अंघोळ घालून, नवं धोतर नेसवून खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. त्यांच्या लिंगायतांत माणूस निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. त्यामुळं चार वर्षांच्या पोरीनं जे बघितलं ते मरण नव्हतंच. तिनं बघितलं की अज्जा अंघोळ करून, नवे कपडे घालून, कपाळाला विभूती लावून, भजनं म्हणणाऱ्या लोकांबरोबर बसल्या बसल्या कुठंतरी निघालेत. ‘‘अज्जा कुठं चाललेत?’’ तिनं शांतम्माला विचारलं होतं. शांतम्मा म्हणाली, ‘‘शिवाकडं.’’ ‘‘परत कधी येणार?’’ यावर कुठल्याशा काकानं, पोरीचं तोंड बंद व्हावं म्हणून, ‘‘येतील की,’’ असं म्हणून टाकलं. तो काका नंतर बुंदी खाऊन आपल्या गावाला गेला. पोरीनं मात्र ते शब्द जपून ठेवले. आता डिसेंबरात शाळेनं तिला सांगितलं, की लांबून एक पांढऱ्या दाढीचे आजोबा येतात, रात्री येतात, आणि लहान मुलांना काहीतरी आणतात. नीलूनं दोन आणि दोन चार केले. तिचं गणित कुठं चुकलं होतं?

‘‘अज्जा अंघोळ करून येतील ना?’’ तिनं रविवारी विचारलं. येतील, शिवलीला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ‘‘मग कपाळाला लावायला पाहिजे.’’ नीलूनं देव्हाऱ्यातला विभूतीचा गोळा आणला, शांतम्मा रोज करायची तशी तीन बोटं ओली केली, गोळ्यावर घासली आणि सांताच्या तपकिरी कपाळावर आडवी ओढली. तीन बोटांच्या तीन पट्ट्या. सगळ्या ताटलीत तेवढंच एक काम सरळ झालं होतं. शांतम्मा बघत बसली. तिनं पदरानं डोळे टिपले नाहीत की काही नाही, ती नुसती म्हणाली, ‘‘तेच हायत बघ.’’ आणि शिवलीला उठून गॅलरीत गेली, वाळत घातलेले कपडे ओलेच होते तरी काढत बसली. वडील गेल्यापासून तिला नीट रडू आलं नव्हतं. भाऊ पुण्याहून येऊन चार दिवसांत परत गेला, आईचं काय करायचं हे हिच्यावर पडलं, शोरूमच्या मालकानं आठवड्याच्या रजेला तोंड वाकडं केलं; या सगळ्यात रडायला म्हणून जागा कुठं होती? ती गॅलरीत उभी राहून रडली आणि तिला बरं वाटलं. म्हणजे ती ताटली नुसती शाळेची नव्हती. ती शाळेत पाठवायलाच नको होती, हे आता कळून काय उपयोग?

सोमवारी सकाळी ती ताटली पिशवीत उभी धरून नीलू पार्किंगमध्ये आली. रोजचं सगळं रोजच्यासारखंच झालं. शांतम्मा अंघोळीनंतर नातीच्या कपाळाला विभूती लावायची. शिवलीला खाली गाडीपाशी आली की रुमालाचं टोक बाटलीतल्या पाण्यानं ओलं करायची आणि ती पुसून टाकायची. हे शांतम्मा राहायला आली त्या पहिल्या आठवड्यापासून चाललं होतं. कुठलासा पोरगा ‘‘हिला चुना लागलाय,’’ म्हणाला होता आणि नीलू रडत घरी आली होती, तेव्हापासून. वर सांगून शांतम्माचं मन मोडण्यापेक्षा खाली पुसणं बरं. ही सोय होती. सोय वेगळी आणि लाज वेगळी, हे शिवलीलानं स्वतःला इतक्यांदा बजावलं होतं की आता ते बजावावंही लागत नव्हतं. ती स्वतः अकरावीला वळसंगहून एसटीनं यायची, तेव्हा कॉलेजातल्या पोरी विचारायच्या, ‘‘काय गं, भिंत रंगवून आलीस का?’’ तिच्या बोलण्यात दर वाक्याला ‘की’ यायचा, कधी मधेच कानडी शब्द यायचा, त्यावर तर चहाच्या टपरीवर तिच्या नकला व्हायच्या. वर्ष संपायच्या आत तिनं कपाळही साफ केलं आणि बोलणंही. आता शोरूममध्ये पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आलं की मालक तिलाच पुढं करायचा. सोमवारी तिनं नीलूची हनुवटी धरली, कपाळ पुसलं, तेवढ्यात मालकाचा फोन आला, रुमाल नीलूच्या हातात राहिला आणि ती पाठ फिरवून, नवीन चादरींचा गठ्ठा कुठं ठेवलाय हे त्याला समजावत राहिली. मग रुमाल पर्समध्ये, गाडी, शाळा, गेट. ‘‘सांभाळून ने हं,’’ ती म्हणाली. नीलूनं ताटली पिशवीसकट छातीशी धरली होती.

आणि आता मंगळवारी, या भिंतीसमोर, तिच्या पोरीच्या नावावर हा गुळगुळीत गोरा मनुष्य. ऋतुजा मिस, नीलूच्या वर्गशिक्षिका, नुकतंच कॉलेज संपवून आलेली मुलगी, डोक्यावर लाल टोपी घालून पालकांना हसून हसून ‘‘मेरी ख्रिसमस’’ करत फिरत होती. शिवलीला तिच्या वाटेत उभी राहिली.

‘‘मिस, नीलूचा सांता कुठंय?’’

‘‘हा काय मॅम, तिसऱ्या लाइनीत. क्यूट आहे ना?’’

‘‘हा नाही. तिनं आणला होता तो.’’

ऋतुजा मिसच्या चेहऱ्यावरचं हसू जरा सैल झालं. ‘‘अच्छा, ते. मॅम, काय झालं ना, डिस्प्लेला थोडं एकसारखं हवं असतं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, शाळेच्या पेजवर फोटो टाकायचेत. आणि मुलांनी आणलेलं म्हणजे तुम्हाला माहितीय, कुणाचं काय, कुणाचं काय. म्हणून आम्ही सगळ्यांचेच नवीन केले. काल रात्रीपर्यंत बसलो होतो मॅम आम्ही.’’

‘‘मग मुलांना स्वतःच्या हातानं करू द्या, मदत करू नका, हे लिहिलंत कशाला?’’

‘‘ती ॲक्टिव्हिटी झालीच की मॅम. ॲक्टिव्हिटी वेगळी, डिस्प्ले वेगळा.’’

हे ती इतक्या निरागसपणे म्हणाली की शिवलीलाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ॲक्टिव्हिटी वेगळी! मांड्यांखाली हात दाबून बसलेली ती, खळ शिजवणारी तिची म्हातारी आई, फुंकर घालून गाल दुखलेली नीलू, हे सगळं काय होतं मग? नुसतं पोरीला दमवणं? तिनं विचारलं, जुने कुठं आहेत. मिस म्हणाली, टाकले नाहीत अजून, जिन्याखालच्या खोलीत पोत्यात आहेत, पण मॅम आत्ता प्रोग्रॅम सुरू होतोय. शिवलीला जिन्याकडं चालायला लागली होती.

जिन्याखालच्या खोलीत फिनेलचा वास होता. एका कोपऱ्यात मोडकी घसरगुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात पोतं. पोत्याचं तोंड तिनं दोन्ही हातांनी फाडल्यासारखं उघडलं आणि आतून सांता बाहेर यायला लागले. एकाला दाढी हिरव्या लोकरीची. एकाचे डोळे शर्टाच्या बटणांचे, आणि दोन्ही एकाच बाजूला. एकाला तोंडच नव्हतं, नुसती भली मोठी टोपी. एकाची दाढी चुरमुऱ्यांची, तिला मुंग्या लागल्या होत्या. एकावर लहान मुलाच्या तळहाताचा लाल ठसा होता, बाकी काहीच नाही. एकाला दात काढले होते, मोजून दाखवावेत असे, टोकदार. यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कोण कुणाचा आहे हे नाव नसतानाही त्या त्या आईला कळलं असतं, एखादीनं मनावर घेतलं असतं तर. शिवलीला गुडघ्यांवर बसून ते एकेक बाजूला ठेवत गेली, आणि जसजशी ती तळाकडं जायला लागली तसतसे तिचे हात जोरात चालायला लागले. कुणाची पोरं ही? कुणी सांगितलं होतं यांना करायला? आणि केलं तर केलं, मग पोत्यात कोंबून वर पाय देऊन दाबताना कुणाला काही वाटलं नाही?

तळाशी अज्जा सापडले. ताटली मधोमध दुमडली होती. एक चिंचोका गेला होता. टोपी कानावर होती तशीच. पण कपाळ रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हतं, पुसलेलं होतं; कॉफीचा रंगही तिथं उतरला होता आणि खालचा पांढरा कागद घासला जाऊन त्याची लव उभी राहिली होती. कुणीतरी ओल्या फडक्यानं, जोर लावून, नीट, कोपऱ्यापर्यंत पुसलं होतं.

तिला नंतर आठवेना, ती खोलीतून हॉलमध्ये कशी आली. मधे खुर्च्या होत्या, कुणाची तरी पाण्याची बाटली पडली. गाणं चालू होतं आणि लाल टोप्या घातलेली पोरं रांगेत उभी होती. शिवलीला गाण्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. ‘‘कुणी पुसलं हे? ए, कुणी पुसलं?’’ वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेलं तिचं बोलणं एका क्षणात गळून पडलं आणि आतून वळसंगचं तोंड बाहेर आलं. ‘‘ईबत्ती कुटं गेली हितली? हितं कपाळाला व्हती की! कुणाचा हात लागला ह्याला?’’

गाणं बंद झालं. मोठ्या मॅडम, शाळेच्या मालकीणबाई, गळ्यातलं ओळखपत्र सावरत आल्या. ‘‘हे बघा, आपण ऑफिसमध्ये बसून बोलूया का?’’

‘‘हितंच बोला. सगळ्यांसमोर पोत्यात न्हाय घातलंत, आता सगळ्यांसमोर बोला.’’

‘‘मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. आमच्याकडे सगळ्या धर्मांचा सारखाच आदर केला जातो. कुणाच्या भावना…’’

‘‘धर्म न्हाय हो! माझा बाप हाय त्यो!’’

 पालक एकमेकांकडं बघायला लागले. मघाचे ते गृहस्थ मोबाईल वर धरून होते, बहुतेक चित्रीकरणच चाललं होतं. चालू दे. ती सगळ्या भिंतीकडं हात करून म्हणाली, ‘‘काडा की फोटो! तुमच्या पोरांनी केलंय म्हणं हे. जावा जिन्याखाली आणि बघा काय केलंय तुमच्या पोरांनी!’’ कुणी हललं नाही. एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, ‘‘कशावरून एवढं?’’ ऋतुजा मिस पुढं आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, टोपी हातात घेतली होती. ‘‘मॅम, शपथ सांगते, आम्ही काही पुसलं नाही. आला तेव्हाच तो असा होता. मला तर कळलंही नाही की तिथं काही होतं म्हणून.’’

‘‘खोटं बोलू नका!’’

‘‘मॅम, आईशप्पथ.’’

‘‘माझ्या डोळ्यांसमोर लावलंय माझ्या पोरीनं. मग काय आपोआप गेलं?’’

तिच्या कुर्त्याला खालून कुणीतरी ओढलं. नीलू रांग सोडून आली होती. तिच्या डोक्यावरची टोपी मोठी होती, भुवयांपर्यंत उतरलेली. ती ताटलीकडं बघत होती, आणि ती ताटली बघून तिला आनंद झाला होता. ‘‘अज्जा!’’ ती म्हणाली. मग आईच्या चेहऱ्याकडं बघून तिनं आवाज बारीक केला. ‘‘मम्मी, मी पुसलं.’’

‘‘तू?’’ शिवलीला खाली वाकली. ‘‘मिसनी पुसायला सांगितलं? खरं सांग, घाबरू नको.’’

‘‘नाही. गाडीपाशी. तू फोनवर होतीस ना काल.’’

‘‘का पुसलंस पण?’’

नीलूला प्रश्न कळला नाही. इतकी सोपी गोष्ट मम्मीला का सांगावी लागतेय, असं तिचं तोंड झालं. ‘‘त्यांना शाळेत यायचं होतं ना,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत येताना पुसायचं असतं.’’

शिवलीला वाकलेली होती ती तशीच राहिली. तिला सोमवारचा शोरूममधला रुमाल आठवला. दुपारी तोंड पुसायला काढला तेव्हा त्याला तपकिरी डाग होता आणि तिला वाटलं होतं, चहा सांडला असेल. मागं मोठ्या मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू गेला. ‘‘बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलं निरागस असतात. चला, चला, म्युझिक.’’ गाणं पुन्हा सुरू झालं. पालकांनी पुन्हा मोबाईल वर केले, आणि त्या ‘बघा’चा शिवलीलाला इतका संताप आला, इतका, की तिला वाटलं ती सगळी भिंत हातानं ओढून खाली घ्यावी. ही बाई सुटली कशी? पोरांचं सगळं पोत्यात घालून वर ही निर्दोष! पण ती ओरडली नाही. सगळ्यांवरचा राग तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. फक्त तो आता सगळ्यांवर सारखा वाटला जात होता आणि त्यात तिचाही वाटा आला होता. तिनं नीलूची टोपी काढून खुर्चीवर ठेवली, ताटली घेतली, पोरीचा हात धरला आणि ती बाहेर पडली. ‘‘माझा डान्स राहिलाय,’’ नीलू म्हणाली. गेटपर्यंत ती तेच म्हणत होती, आणि मग रडायला लागली.

घरी शांतम्मानं ताटली हातात घेतली, दुमड सरळ केली, गेलेल्या डोळ्याच्या जागी बोट फिरवलं. मग कपाळावर. शिवलीला चप्पल काढत म्हणाली, ‘‘गळून पडली असेल वाटेत.’’

‘‘व्हय, गळून पडली,’’ शांतम्मा म्हणाली. ‘‘तुज्या रुमालाला रोजच लागती गळलेली. कालच्याला कॉफीचा पण वास व्हता. मला काय म्हाईत न्हाय व्हय? रुमाल कोण धुतंय हितं?’’

‘‘माहीत होतं तर बोलली का नाहीस?’’ शिवलीला एकदम ओरडली. इतक्या महिन्यांत ती आईवर पहिल्यांदा ओरडत होती. ‘‘एवढे दिवस गप्प बसलीस, रोज लावत राहिलीस, मी रोज पुसतेय हे बघत राहिलीस, आणि एक शब्द नाही? भांडायचं होतंस! ओरडायचं होतंस माझ्यावर!’’

शांतम्मानं ताटली गुडघ्यावर ठेवली. ‘‘माजं काम लावायचं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पुसणाऱ्याच्या मागं मी कुटं कुटं हिंडू?’’ आणि खळीचं पातेलं गॅसवर ठेवायला उठली. कॉफी, विभूतीचा गोळा, एक नवा चिंचोका तिनं नातीसमोर मांडला. नीलूनं डोळा लावला, रंग दिला. कपाळाला मात्र काही लावेना. ‘‘उद्या शाळेत न्यायचाय परत,’’ ती म्हणाली, ‘‘मिसना दाखवायला.’’ शांतम्मानं विभूतीचा गोळा देव्हाऱ्यात परत ठेवला. बसवेश संध्याकाळी आला तेव्हा सगळी हकीकत त्याला ग्रुपवरूनच कळलेली होती, व्हिडिओसकट. तो एवढंच म्हणाला, ‘‘एवढं तोंड सोडायची काय गरज होती? पोरीला तिथंच शिकायचंय की.’’ शिवलीलानं त्याच्यापुढं ताट इतक्या जोरात ठेवलं की आमटी सांडली.

बुधवारी सकाळी शांतम्मानं नातीच्या कपाळाला विभूती लावली. रोजच्यासारखीच, तीन बोटांची, कानापासून कानापर्यंत. शिवलीला पोरीला घेऊन खाली आली. पार्किंगमध्ये थंडी होती. नीलू गाडीपाशी उभी राहिली, तिनं दप्तर आणि अज्जांची पिशवी नीट केली, हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि थांबली.

शिवलीलानं रुमाल काढला नाही. ‘‘बस मागं,’’ ती म्हणाली.

नीलूनं एक डोळा उघडला. ‘‘पुसायचं राहिलं.’’

‘‘राहू दे. आजपासून पुसायचं नाही. कुणी काही म्हटलं तर मला येऊन सांग. मी बघते एकेकाला.’’

हे बोलताना तिला बरं वाटलं. गाडी चालवताना वारं तोंडावर घेत ती मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होती: त्या चुन्याच्या पोराशी, मोठ्या मॅडमशी, चहाच्या टपरीवरच्या पोरींशी, ज्यांची नावंही आता तिला आठवत नव्हती. येऊ दे कुणीही पुढं. कपाळ तिच्या पोरीचं होतं आणि तिच्या पोरीच्या अज्जाचं होतं. शाळेच्या गेटपाशी तिनं गाडी थांबवली आणि मुद्दाम ताठ बसून राहिली, येणारे-जाणारे पालक बघू देत म्हणून. नीलू मागून उतरली. तिनं गेटमधून आत बघितलं, आईकडं बघितलं, जरा विचार केला. मग स्वेटरची बाही तळहातावर ओढून घेतली, जिभेला लावून ओली केली, कपाळ या कानापासून त्या कानापर्यंत घासलं, आणि ‘‘बाय मम्मी’’ म्हणून आत पळाली.